दुसरी खाच

जानेवारी संपायला नऊ दिवस,
अकरा दुकानांचे हिशेब अजून अर्धे,
आणि हा माझा लॅपटॉप
चालू व्हायला घेतो बरोब्बर एका चहाचा वेळ.
आधण ठेवते, बटण दाबते,
चहा गाळून होतो तेव्हा कुठे तो
माझं नाव विचारतो.
जणू काल भेटलोच नव्हतो.

रेडिंगहून ओजस म्हणतो, आई, टाक आता तो.
त्याला टाकणं जमतं.
सोफा टाकला, नोकरी टाकली,
मिशाही महिनाभर ठेवून टाकल्या.
मी म्हणते, बघू.
'बघू' हा आमच्या घरातला सर्वांत टिकाऊ माल.

मागच्या आठवड्यात पडद्यावर पाटी आली:
हे यंत्र नव्या आवृत्तीस पात्र नाही.
ही भाषा मी ओळखते.
पूर्वी तपकिरी पाकिटातून यायची, क्रॉयडनहून.
आम्ही दोघं जिन्यातच उभ्यानं वाचायचो,
आणि पुन्हा अर्ज भरायचो.

स्वानसी मार्केटात
शिंपल्यांच्या गाळ्याला लागून एमिरचा गाळा.
त्याच्या पावत्यांनासुद्धा व्हिनेगरचा वास.
त्याच्या गावाचं नाव मला कधी घेता आलं नाही.
जीभ दातांमागे लावून नुसती फुंकर मारा, म्हणतो.
माझी फुंकर चुकते.
मी त्याला ळ शिकवायला गेले होते:
जीभ उलटी वळव, टाळूवर आपट.
तेव्हापासून मी त्याच्या वहीत मिसेस डवलीकर.

बारा स्क्रू बशीत काढून ठेवले,
पाठ उघडली.
आत धुळीची गोधडी, एक पांढरा केस,
आणि मोहरीचे तीन दाणे.
हे पार्ट कुठले? त्यानं भिंग लावून विचारलं.
म्हटलं, फोडणीचे.

मग पेचकसाच्या टोकानं दाखवलं:
मेमरीला खाचा दोन, भरलेली एकच.
दुसरी पहिल्यापासून रिकामी.
पहिल्यापासून?
कारखान्यातून निघाला तेव्हापासून.
म्हणजे दहा वर्षं हा
एका फुफ्फुसावर जिने चढत होता
आणि मी खालून ओरडत होते, चल लवकर.

हिशेब त्यानं पावतीच्या पाठीवर मांडला.
मेमरी अठ्ठावीस, डिस्क एकेचाळीस,
बॅटरी पस्तीस, मजुरी तीस.
बिजागरीची हमी नाही.
मी तुमच्या जागी असतो तर, म्हणाला,
आणि वाक्य तिथेच सोडून नाक पुसलं.

अर्धा तास मागून घेतला.
बाहेर पाऊस आडवा, समुद्राकडून.
मोठ्या दुकानात नवे मांडलेले,
पापडासारखे पातळ, साखळीला बांधलेले.
पाचशे एकोणपन्नास.
एकाचं झाकण एका बोटानं उघडलं. कुरकुरलं नाही.
जरा रागच आला.
काहीतरी लिहून बघावं म्हणून लिहिलं: वेळ.
पडद्यावर उमटलं बी, एस, एन.
घरच्या कळांवर मी नागरीचे स्टिकर लावलेत,
क पुसलाय, त पुसलाय,
ळ तेवढा ठसठशीत, त्याला एरवी विचारतं कोण.
इथे स्टिकर नव्हते.
तरी बोटांना ठाऊक होतं तो कुठे राहतो.
काही मदत हवीय का, एक पोरगा आला.
म्हटलं, नको रे, शुद्धलेखन चुकलं माझं.
तीन अक्षरं तशीच ठेवून निघाले.

एमिर सँडविच खात होता.
लॅपटॉप उताणा, पोट उघडं.
म्हटलं, मेमरी घाल. डिस्कही.
बॅटरी?
नको. कुठे जायचंय त्याला,
खिडकीपासून टेबलापर्यंत.

पुसलेल्या बोटांनी त्यानं हिरवी पट्टी उचलली,
तिरकी धरली, दाबली.
टाळूवर जीभ आपटावी तसा
बारीक आवाज झाला.
दोन वर्षं काढेल, म्हणाला. बिजागरी त्याआधी जाईल.
नव्याण्णव झाले.
मी शंभराच्या नोटा दिल्या,
आणि उरलेल्या पौंडाबरोबर
मोहरीही परत मागून घेतली.